बिनवासाचं तेल

नणंदेचं आणि भावजयीचं लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून वाकडं होतं. का, ते आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं. नणंद हॉटेलांतलं आणि कॅन्टीनमधलं तळणीचं वापरलेलं तेल गोळा करून टँकरने कारखान्याला पुरवायची, कारखाना त्याचं डिझेल करायचा, आणि टँकर आत रिकामा करायचा की नाही हे तेल तपासणारी भावजय ठरवायची. घरात नणंदेचा शब्द चालायचा, कारखान्याच्या फाटकाच्या आत भावजयीची सही. टँकर चालवायचा तिचा नवरा, म्हणजे नणंदेचा धाकटा भाऊ. दोघींचं जुंपलं की हा मूग गिळून गप्प बसायचा, आणि यालाच तो स्वभावाचा चांगुलपणा म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी अकराला वीज गेली आणि तपासणीचं यंत्र बंद पडलं. नेमका त्याच वेळी टँकर फाटकावर आला. मागोमाग नणंदही आली. तिला घाई होती. ती नेहमीच घाईत असायची, पण बसायला खुर्ची मात्र आधी ओढायची. तिने सही मागितली. भावजयीने यंत्राकडे बोट दाखवलं. नणंद म्हणाली, इतकी वर्षं काय यंत्राच्या भरवशावर नोकरी केलीस का?

हे लागलं. यंत्र येण्याआधी आठ वर्षं तिने तेल नाकाने ओळखलं होतं. आता तेल किती तळलेलं आहे ते दाखवणारा आम्लाचा आकडा यंत्र सांगतं, मग वास कोण घेत बसतो? तिने नमुन्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि नाक खाली नेलं.

वासच आला नाही.

शंभर स्वयंपाकघरांतलं तेल एका टँकरमध्ये आलं की त्याला मासळीचा, कांद्याचा, खरपूस पिठाचा असा वास येतो की दोन दिवस केसांतून जात नाही. या तेलाला काहीच नव्हतं. रंग मात्र हवा तसा काळपट, तळाशी जळके कणही हवे तितके. तिने बाटली खिडकीत ठेवली आणि तासभर थांबूया म्हणाली. नणंदेने कपाळाला आठ्या घातल्या. मग तिने कारखान्याच्या साहेबांना फोन लावला आणि साहेबांनी भावजयीला फोनवर सांगितलं की गाडी उगाच अडवू नका, बसगाड्यांचं डिझेल थांबलंय. उगाच अडवणार नाही, असं तिने त्यांना सांगितलं.

तासाभरात सगळा काळेपणा बाटलीच्या तळाशी बसला. वर सोन्यासारखं स्वच्छ तेल. तळून तळून काळं झालेल्या तेलाचा रंग असा कधी खाली बसत नाही, तो तेलातच मुरलेला असतो. हे ताजं पामतेल होतं आणि त्यात जळकं पीठ कालवलेलं होतं. वापरलेल्या तेलाला कारखाना ताज्यापेक्षा जास्त दर द्यायचा, कारण कचऱ्यातून डिझेल केलं की शहराच्या प्रत्येक बसवर हिरवं पान रंगवता यायचं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पामची झाडं लावायला कुठे जंगल तोडतात आणि उरलेलं पेटवून देतात, हे तिने प्रशिक्षणात पडद्यावर पाहिलं होतं. धुराने सूर्य दिसत नव्हता. इथे बसचा धूर कमी झाला म्हणून पाठ थोपटून घ्यायची, आणि तिकडे दहापट धूर काढायचा. आणि त्यावर सही कुणाची, तर तिची.

"ताई, हे ताजं आहे," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याने भरून आणलंय. पावतीवर त्याचं नाव आहे, माझं नाही," नणंद शांतपणे म्हणाली. "कर विचार."

तिने विचार केला. फार वेळ लागला नाही. कारखान्याचा एक नियम होता. नापास झालेलं वापरलेलं तेल गुपचूप कुणाच्या कढईत परत जाऊ नये, म्हणून फाटकातून बाहेर पडण्याआधी त्यात निळा रंग ओतायचा. मग ते कशाच्याच कामाचं राहायचं नाही. ताज्या तेलाला हा नियम लागू नव्हता.

"मी नापास करते," ती म्हणाली. "तुम्ही ताजं आहे असं लिहून द्या, रंग घालणार नाही. गाडी जशीच्या तशी परत न्या. नाहीतर वापरलेलंच आहे म्हणा."

नणंदेने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर मागे सरली असती. लिहून द्यावं तर स्वतःचा गळा स्वतःच कापल्यासारखं, आणि न द्यावं तर टँकरभर चांगलं तेल मातीमोल.

"वापरलेलंच आहे," नणंद शेवटी म्हणाली. "आणि आजपासून माझ्या घरात पाय ठेवू नकोस."

"ठेवणार नाही," भावजय म्हणाली.

ती रंगाचा डबा घेऊन फाटकावर गेली. टाकीचं झाकण उघडणं ड्रायव्हरचं काम. नवरा शिडी चढला, झाकण उघडलं आणि डब्यासाठी खाली हात केला. तिने डबा दिला. त्याने रंग ओतला. खाली उतरल्यावरही त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"रोज जेवताना विचारायचो ना, तेल कसं ओळखतेस," तो हात पुसत म्हणाला. "तू सगळं सांगितलंस. रंग किती, कण किती, आकडा किती हवा. आकड्यापुरतं आम्लही मिसळलं. वासाचं तेवढं कधी बोलली नाहीस."

तिला ती जेवणं आठवली. नवरा आपल्या कामात इतका रस घेतो म्हणून ती सुखावायची, त्याला आणखी वाढायची, आणि खुलवून खुलवून सांगायची.

"किती गाड्या?" तिने विचारलं.

तो केबिनमध्ये चढला. गाडी सुरू केली.

ती खोलीत परतली. प्रत्येक टँकरचा एक नमुना सहा महिने जपून ठेवायचा नियम होता, भिंतीला लागून ती बाटल्यांची फळी होती. रोज समोर असायची. तिने आज पहिल्यांदा नीट पाहिली. नणंदेच्या नावाच्या सतरा बाटल्या, सतराही बाटल्यांच्या तळाशी काळा गाळ, वर स्वच्छ तेल, आणि सतराही बाटल्यांवर तिच्या सहीची चिठ्ठी.

तिने एकेक झाकण काढून वास घेतला. सतराव्या बाटलीनंतर झाकण परत लावलं, हात धुतले आणि बसगाड्यांचं डिझेल तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहायला बसली. चोरी कुणी केली, हे लिहायच्या रकान्यात तिने नणंदेचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं. मग दोघांच्याही वर, पहिल्या ओळीत, स्वतःचं लिहिलं.