नितीनच्या दारचे मेढे

उर्वशीनं बडग्याच्या पुतळ्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट बसवलं आणि हनुवटीखाली सुतळी अशी काही आवळली, की शेजारी बसलेल्या तिच्या सासूनं, देवकाबाईंनी स्वतःचाच गळा चाचपला.

“माय वो! हळू ना बाई,” सासू म्हणाली. “जाळायच्या आधीच जीव घेतं का त्याचा?”

“घेऊ द्या,” उर्वशी म्हणाली आणि सुतळीला आणखी एक गाठ मारली.

बडग्या नखशिखांत पन्न्यांचा, प्लास्टिकच्या पिशव्यांचा होता. दुधाच्या पन्न्या, खताची पोती, संत्र्याच्या बागेतून निघालेला फाटका प्लास्टिकचा कागद, सगळं कोंबून तिनं त्याचं पोट चांगलं फुगवलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव पीडा घालवायची मिरवणूक, मारबत काढतं आणि ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या शिवेबाहेर नेऊन जाळतं. यंदा तो कोणाचा, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. गावात पिवळं हेल्मेट आणि सोनेरी काड्यांचा चष्मा एकच माणूस घालायचा. पन्नीपासून तेल काढणाऱ्या कारखान्याचा मालक, नितीन.

कारखाना तिगावच्या रस्त्याला, अगदी शिवेवर. पन्नी बंद भट्टीत तापवायची, वाफ थंड करायची, की तेल हाती येतं. त्या कामात एक गोष्ट कोणी विसरत नाही. भट्टी पुरती निवल्याशिवाय तिचा दरवाजा उघडायचा नाही, कारण आतल्या वाफेला हवा लागली की भडका उडतो. उर्वशीचा नवरा गौतम भट्टीवर होता आणि तो हे कधीच विसरला नव्हता. तरी उन्हाळ्यात एका सकाळी दरवाजा उघडला गेला आणि गौतमचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

“प्यालेला होता. आपल्याच मनानं खोललं,” असं नितीननं ठाण्यात सांगितलं आणि मोकळा झाला मेला!

गौतम भजनी मंडळात खंजिरी वाजवायचा. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस तो. “मालकाचा फोन आला होता,” असं तो दवाखान्यातून सांगत राहिला, पण बाजू घ्यायला कोणी नव्हतं. बोटं एकमेकांना चिकटली, ते त्यानं सोसलं. मंडळानं बोलावणं धाडायचं बंद केलं, ते मात्र त्याला सोसवलं नाही. तो घरातून निघेनासा झाला. उर्वशीला आता एकच हवं होतं. गौतम प्यालेला नव्हता, हे गावासमोर कोणीतरी बोलायला हवं होतं. आणि तोवर नितीनला सुखाचा घास गिळू द्यायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

डफडं वाजलं. पोरांनी बडग्या खांद्यावर घेतला. पोळ्याला प्रत्येक दाराच्या दोन्ही अंगांना पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. घरातली सगळी रोगराई, सगळी पीडा त्यात उतरते आणि मारबतीसोबत शिवेबाहेर जाऊन जळते. गावची राखण करणारे कोटवार चिंधूकाका घरोघरचे मेढे उचलत पुढं चालले होते.

नितीनचं दुमजली घर आलं. तो वर गॅलरीत चहा पीत उभा होता. चिंधूकाका त्याच्या दारातल्या मेढ्यांकडे वाकले.

“हात नका लावू, काका,” उर्वशी म्हणाली.

“अवो पण बाई, दारचे मेढे कोणी ठेवत असते का?”

“राहू द्या. त्याची पीडा त्याच्याच घरात राहू द्या. सडू द्या तिथंच.”

डफडं थांबलं. असलं गावात कधी झालं नव्हतं. चिंधूकाकांनी एकदा वर पाहिलं, एकदा उर्वशीकडे पाहिलं आणि रिकाम्या हातानं सरळ झाले. वर नितीननं हसायचा प्रयत्न केला. ते हसू काही जमलं नाही, हे पाहून उर्वशीच्या काळजाला असा गारवा वाटला, की तिची तिलाच लाज वाटली नाही.

शिवेवर, कारखान्याच्या फाटकासमोर, मेढ्यांचा ढीग रचून त्यावर बडग्या ठेवला. आठवडाभराच्या पावसानं पळस चिंब झाला होता. काड्यांवर काड्या विझल्या. गोटमारीची दगडफेक पाहायला पांढुर्ण्याच्या जत्रेला जायची घाई असलेले लोक कुरकुरू लागले.

“त्याची सावली पडली वाटते,” देवकाबाई पुटपुटल्या. “मेला पेटून नाही राहिला!”

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. नितीनची बायको मोनाली येत होती. डोक्यावर पदर, एका हातात तेलाची कॅन, दुसऱ्या काखेत पळसाची फांदी. ती थेट ढिगाजवळ आली, कॅनचं झाकण काढलं आणि कारखान्याचं ते तपकिरी, उग्र वासाचं तेल बडग्यावर ओतलं. मग वळली.

“गौतमभाऊ प्याले नव्हते,” ती म्हणाली. “मी यांना चहा देऊन राहिले होते तेव्हा. फोन स्पीकरवर होता. भाऊ म्हणाले, भट्टी गरम आहे, जवळ उभं राहवून नाही राहिलं. हे म्हणाले, खोल, दुसरा माल टाकायचा आहे. नाहीतर उद्यापासून येऊ नको.”

भजनी मंडळाची माणसं खाली पाहू लागली. उर्वशी ज्या वाक्यासाठी जीव टाकत होती ते आलं होतं, आणि तिला रडू यायच्या ऐवजी संताप आला.

“इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुमचं?”

“हो,” मोनाली म्हणाली. “शिवलंच होतं.”

“ठाण्यात सांगशीन काय, बाई?” चिंधूकाकांनी विचारलं.

“इथून तिकडंच चालली आहे, काका.”

तिनं काखेतला मेढा पुढं केला. उर्वशीनं हात मागं घेतला.

“हा नाही जळायचा इथं. म्हटलं ना मी? तुमच्या घरचे मेढे घरीच राहतीन. घेऊन जा परत.”

मोनाली हलली नाही. उर्वशीची नजर तिच्या दुसऱ्या काखेकडे गेली. ती रिकामी होती.

“एकच आणला? याचा जोडीदार कुठं हाये?”

“दारातच आहे,” मोनाली म्हणाली. “हा माझा. तो त्यांचा आहे, वहिनी. त्याला मी हात नाही लावला.”

उर्वशीनं मेढा घेतला आणि ढिगावर ठेवला. मग काडीपेटी मोनालीच्या हातात दिली.