घोरबाच्या वाडीचं उखळ

मी उखळ बोलतंय, घोरबाच्या वाडीचं. वाडी आता उरली नाही. भिंतींचे दगड लोकांनी शेताच्या बांधाला नेले. मला कुणाला नेता आलं नाही, कारण मी चावडीपुढच्या खडकातच कोरलेलं आहे.

वाडीची गोष्ट ऐका. म्हणे, या खडकाखाली घोरबा नावाचा राक्षस होता, माणसं खायचा. तानाबाई नावाच्या कारभारणीनं त्याला पोटभर भाकरी न् तिखट घालून झोपवलं आणि त्याच्या उशाशी मला खोदून घेतलं. करार असा झाला की रोज खुशाल कुटा, पण अमावस्येच्या भर दुपारी मुसळाला हात लावायचा नाही. त्या वेळी उखळ वाजलं, तर घोरबा उठला समजायचं आणि चुली सोडून पळायचं.

खरं सांगू? माझ्याखाली नुसता खडक आहे. पण मला विचारतंय कोण!

बाया माझ्याभोवती बसून सासवांची उणीदुणी काढायच्या. तिखटापेक्षा तेच मला जास्त गोड लागायचं.

मग चन्नवीरची नवी नवरी, मल्लव्वा, सीमेपलीकडून आली. जी गोष्ट साऱ्या वाडीला पाठ, ती तिला सांगायची राहूनच गेली. जो तो समजला, दुसऱ्यानं सांगितली असेल. अमावस्येला तिचा भाऊ यायचा होता. दुपारी सारे दारं लावून आत. तिला वाटलं, बरं झालं, उखळ मोकळं सापडलं! मिरच्या टाकल्या आणि लागली कुटायला.

धप्, धप्!

वाडीची पाचावर धारण बसली. पोरं, म्हशी, कोंबड्या घेऊन सारे हुपरीच्या वाटेला लागले. मल्लव्वा मागून ओरडली, "अवं, थांबा की! मीच कुटत हुतो!"

म्हातारा गुरव ज्ञानू किंचाळला, "घोरबाच हाय त्यो! पोरीच्या तोंडनं बोलाय लागलाय!"

चन्नवीरनं तिला ओढतच नेलं. पुढं म्हणे ती तोंड उघडायची तेव्हा घरचे अंगारा लावायचे. शेवटी ती गप्प बसली.

मला वाटलं होतं, महिनाभरात येतील परत. पण हुपरीत तरण्या पोरांना चांदीचे पैंजण घडवायचं काम मिळालं, तिकडंच संसार झाले. माझ्यात पावसाचं पाणी साचायचं, सरडे प्यायचे. फार एकटं वाटायचं हो. आता मोटरसायकलीवरून पोरं येतात, भुताचं गाव म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि ऊन उतरायच्या आत पळतात.

परवाच्या अमावस्येला मल्लव्वा आली. एकटीच, कमरेत वाकलेली. मुसळ वाळवीनं कधीच खाल्लं, म्हणून घरचा बत्ता घेऊन आली होती. बसता बसता मला म्हणाली, "चन्नवीर गेलं गा. मरूस्तवर म्हणायचं, घोरबानं गाव उठवलं. माझं कुणी ऐकलंच न्हाय."

मग म्हणाली, "उखळात डोस्कं घातलंय, आता मुसळाला काय भ्यायचं!" आणि भर दुपारी मिरच्या कुटायला लागली. कुटता कुटता ओरडली, "घोरबा, ऊठ की रं मुडद्या! असलास तर ऊठ!"

आवाज माळावर लांबपर्यंत गेला. पळायलाही कुणी नव्हतं. ती माझ्यात हात ठेवून रडली, तिखट पदरात बांधलं आणि निघून गेली.

पावणं, तुम्ही हुपरीला जाणार असाल तर मल्लव्वाचं घर तेवढं विचारा. तिला सांगा, त्या दुपारी तूच कुटत होतीस. उखळ म्हणतंय.