पिवळं पुस्तक

जिंतूरच्या चर्चमध्ये मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली गेली तेवीस वर्षं बन्सीधर कंपाउंडरच्या गळ्यात जानव्यासारखी असते. ख्रिस्ती माणसाला जानवं नसतं, म्हणून किल्ली. कपाटात दुःखावरची पुस्तकं आहेत.

जन्मभर दवाखान्यात बाटल्या भरलेला माणूस. त्यानं पुस्तकांचीही तीच व्यवस्था लावली. नावं लोकांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून रंगीत कागदाची कव्हरं घातली. निळं म्हणजे मरण. पिवळं म्हणजे आजारपण. हिरव्यात नोकरी, परीक्षा आणि न जमलेलं लग्न. आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली: नाव, त्रास काय, आणि डोस – रोज दोन पानं, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. शेवटचा रकाना, ‘गुण आला का?’ तो भरल्याशिवाय पुस्तक परत घ्यायचं नाही, असा नियम.

तेवीस वर्षांत त्या रकान्यात ‘होय’शिवाय दुसरं उत्तर नव्हतं. पाळकसाहेब दर नाताळात व्यासपीठावरून ही गोष्ट सांगत आणि बन्सीधर मान खाली घालून ती ऐके. मान खाली घातली की हसू दिसत नाही.

सविताचं दुखणं निघालं तेव्हा त्यानं त्याच दिवशी पिवळं काढलं. नवराबायको असली तरी चिठ्ठी रीतसर भरली.

“जेवणानंतर लिहिलंय इथं,” सविता म्हणाली. “जेवण तर जाईना. मग कधी वाचू?”

“मग जेवणाच्या वेळेला वाच.”

“पुस्तक राहू द्या हो. तुमी बसा की जरा.”

“पुस्तक लय गुणाचं हाय, सविता. वाचून तर बघ.” आणि तो चर्चच्या रंगकामाच्या बैठकीला गेला. भिंतीला कोणता रंग द्यायचा यावर पाच महिने बैठका चालल्या. सविता साडेचार महिन्यांत गेली. उरलेल्या पंधरा दिवसांत पांढरा ठरला.

मातीनंतर दहाव्या दिवशी दुपारी बन्सीधर कपाटासमोर खुर्ची घेऊन बसला. रात्री झोप नव्हती, घास गिळवत नव्हता आणि घरात सविताच्या पलंगाकडे बघवत नव्हतं. त्रास ओळखीचा होता, औषधही ओळखीचं. त्यानं निळं काढलं. आजवर कुणालाही देताना त्यानं मागचं कव्हर तेवढं वाचलेलं. कंपाउंडर औषध पीत नसतो.

पहिलं पान वाचून झालं. दुसरं उलटेना. तिसरं, चौथंही नाही. कव्हर घालताना त्यानं कणकेची खळ जरा सढळ हातानं लावली होती, ती आत झिरपून पहिली आठ-दहा पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. तेवीस वर्षांपूर्वीची खळ. त्यानं चिठ्ठी पाहिली. चौदा माणसं. किशनराव, वडील वारले, होय. दगडाबाई, नातू गेला, होय. तात्याराव, भाऊ गेला, होय. पुढं आपल्या मनानं ‘खूप’.

त्यानं दुसरं निळं उघडलं. चिकटलेलं. हिरवं, चिकटलेलं. मग त्यानं हात पुसले आणि मातीनंतर न उघडताच कपाटात ठेवलेलं सविताचं पिवळं काढलं.

ते सुटं होतं. चिकटलेलं एकेक पान केसातल्या पिनेनं हळूच सोडवलेलं, कुठं फाटू न देता. कडांना पिनेचे ओरखडे. पुढची पानं हाताळून मऊ पडलेली, शेवटपर्यंत. चिठ्ठीवर तिच्या नावापुढं डोसाच्या बारीक खुणा, सकाळची एक, संध्याकाळची एक. शेवटच्या रकान्यात तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘न्हाई. पुस्तक चांगलं हाय. तुमी बसला न्हाईत.’

बन्सीधरनं ते तीनदा वाचलं. जेवणाआधीच.

“सलाम, कंपाउंडर!” दारात तात्याराव उभा होता, हातात मोटरसायकलची किल्ली. “बरं झालं, हितंच सापडलात. एक पिवळं द्या. आमच्या मंडळीचं किडनीचं निघालंय, कासाबाईचं.”

“कधी?”

“झाले पंधरा दिवस. नुसती छताकडं बघायलीय. अन् मला म्हणती, बसा जवळ. आता तुमीच सांगा, बसून काय करायचं? मी काय डाक्टर हाय? म्हटलं पुस्तक आणून देतो, तेवढाच जिवाला विरंगुळा.”

“बस तिच्यापाशी, तात्या. पुस्तक नको.”

“ऑं? तुमीच म्हणायलात का हे?” तात्याराव हसला आणि बन्सीधरच्या मांडीवरचं पिवळं उचलून त्यानं खिशातला पेन काढला. नाव लिहिलं. त्रास लिहिला. मग शेवटच्या रकान्यात, सविताच्या ओळीच्या बरोबर खाली, ‘होय’ लिहून टाकलं.

“आरं, अजून नेलं बी न्हाईस!”

“पुन्यांदा कशाला ताप? कुणाच्या हाती धाडून देईन. गुण तर येणारच की. तुमचं पुस्तक हाय.”

“वरची ओळ वाच.”

“घरी गेल्यावर वाचतो.” त्यानं पुस्तक शर्टात खुपसलं.

बन्सीधर खुर्चीतून उठला नाही. कपाट उघडं होतं, निळी, हिरवी, पिवळी कव्हरं ओळीनं उभी होती आणि त्यांतलं कोणतंच काढावं असं त्याला वाटेना. तात्याराव दारापर्यंत गेला तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं:

“तात्या, जरा बसतोस का माझ्यापाशी?”

तात्याराव थांबला. खुर्च्यांकडं बघितलं. रिकाम्या खुर्च्या चाळीस तरी होत्या.

“बसलो असतो हो,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. “पण कासाबाई एकटी हाय घरी. तिच्यापाशी कुणी नको का?”

पायरीवरून त्यानं मान मागं वळवली.

“तुमी असं करा, एखादं निळं वाचा. आमचा भाऊ गेला तवा मला लय गुण आला होता.”