शालूबाईंच्या गुऱ्हाळातली काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. तुम्ही मला पाहिले नसेल, पण माझ्यातला गूळ कदाचित खाल्ला असेल. उसाचा रस ज्या भल्यामोठ्या पसरट लोखंडी कढईत आटवतात, ती मी. माझ्या पोटात चार माणसे ऐसपैस मांडी घालून बसतील, एवढा माझा घेर!

जाड पत्रे ठोकून आणि रिव्हेटांनी जोडून एका लोहाराने मला घडवले. कळंब्याच्या पलीकडे केरबांचे गुऱ्हाळ होते. तिथे त्यांनी मला चुलीवर चढवले आणि त्यांच्या पत्नी शालूबाईंनी मला हळदकुंकू लावले. मग हंगामामागून हंगाम गेले. खाली वाळलेल्या चिपाडांचा जाळ आणि वर रटरटणारा रस. शाहूपुरीच्या गूळबाजारातले व्यापारी गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणत, "केरबाचा गूळ व्हय? मग बघायलाच नको!" कौतुक गुळाचे होई, पण मीसुद्धा मनातल्या मनात फुगत असे.

पुढे केरबा वारले. ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि चूल थंड झाली. मला भिंतीला टेकवून ठेवले. शेजारी केरबांची जीप उभी राहिली, ती तशीच राहिली. गंजाने तिच्या तळाची चाळण झाली. माझ्या अंगावर तांबडे पोपडे आले. माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालत. खरे सांगते, तेवढीच काय ती सोबत होती.

एके दिवशी शालूबाईंची सून वर्षाराणी गुऱ्हाळात आली. ती शिरोलीच्या एका कारखान्यात वेल्डिंगचे काम करते. तिने जीपखाली वाकून पाहिले, बॉनेट उघडले आणि म्हणाली, "आत्याबाई, इंजिन जाम हाय, पण मेलं न्हाय. सुट्टीदिवशी हितंच काम करू का? घरच्या घरी गाडी उभी करतो बघा."

शालूबाईंनी पुढच्या सीटवरची धूळ पदराने झटकली. "कर की! पेठ वडगावला, म्हायेरी, मी कायम मागं गुळाच्या ढेपांवर बसून गेलतो. एकदा तरी पुढं बसून जायचंय."

वर्षाराणीला दम निघेना. तिने एक जुने वेल्डिंग मशीन आणले, घरातून वायर ओढली आणि त्याच दुपारी कामाला सुरुवात केली. घाईत एक गोष्ट राहून गेली. कोपऱ्यात जुन्या चिपाडांचा ढीग तसाच होता. एक ठिणगी उडाली आणि त्यात जाऊन पडली. मास्कच्या काळ्या काचेमागून वर्षाराणीला धूर दिसेना. मला दिसत होता, पण मी ओरडणार कशी?

"आगं, जाळ लागला!" शालूबाई पाण्याची घागर घेऊन धावल्या.

"पाणी नको! मशीन चालू हाय!" वर्षाराणीने मास्क फेकला आणि पळत जाऊन मेन स्विच पाडला. मग दोघींनी माती टाकून, ओल्या पोत्यांनी बडवून आग विझवली. जीपचा एक टायर जळाला होता. शालूबाईंच्या हाताला फोड आले होते. टाकीच्या तळाशी थोडे पेट्रोल शिल्लक होते, तिथवर जाळ गेला नाही हे नशीब.

वर्षाराणीचा नवरा राजवीर धावत आला. आईचा हात पाहून त्याचा आवाज चढला. "बास झालं! भंगारवाल्याला बोलावतो. जीपबी देतो आणि ती काहीलबी देतो. माणसं जळायची वाट बघायची काय?"

वर्षाराणी जळकी पोती गोळा करू लागली. शालूबाईच बोलल्या, "ह्या घरानं जाळावरच भाकरी खाल्ली, राजवीर. जाळाला भ्यायचं न्हाय. त्याला त्याची जागा ठरवून द्यायची. आदी जागा करा, मग काम करा."

आणि खरोखरच जागा झाली. काडी न् काडी बाहेर गेली. जमिनीवर सिमेंटचा कोबा झाला. वायरमनने मशीनला स्वतंत्र लाईन आणि अर्थिंग दिले. जीपची पेट्रोलची टाकी काढून लांब नेऊन ठेवली. वाळूच्या बादल्या भरल्या, आग विझवायचा लाल सिलिंडर दाराशी टांगला. वर्षाराणीने सुती कपडे, कातडी हातमोजे आणि एकाऐवजी दोन मास्क आणले. दुसरा अर्थातच शालूबाईंना! राग गिळून राजवीरने भिंतींना चुनाही लावला.

पण भंगारवाल्याला निरोप गेला होताच. तो आला आणि त्याने मला हातोडीने ठोकले. ठण्ण!

"थांबा पावणं," वर्षाराणी म्हणाली. तिने स्वतः मला पुन्हा वाजवून पाहिले. "पत्रा अजून खणखणीत हाय. मला टेबल पायजे आणि जीपला तळ."

"एवढा जाड? गाडी जड हुईल की," राजवीर म्हणाला.

"हुईना! जीप हाय, उडायचं इमान न्हाय."

मित्रांनो, मला कापायला घेतले तेव्हा मी भ्याले होते. पण ग्राइंडर फिरला आणि रिव्हेटांच्या फटींत वर्षानुवर्षे मुरलेला रस तापला. सगळ्या गुऱ्हाळात गुळाचा वास पसरला. मशीन थांबल्यावर शालूबाईंनी मास्क वर केला. डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "ह्यांच्या अंगाला असाच वास यायचा, बघ."

माझा मधला भाग ठोकून सपाट केला आणि त्याचे टेबल झाले. कडेचे पत्रे जीपच्या तळाला बसले. वर्षाराणीने घातलेली वेल्डिंगची रेघ म्हणजे वाकळेवरची शिवण, एकही टाका चुकलेला नाही. पुढे इंजिन मोकळे झाले, नवे टायर आले, हिरवा रंग चढला. जीप रस्त्यावर आणायच्या परवानगीचे कागदही राजवीरने हौसेने पुरे करून आणले. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

मग वडगावची वाट धरली. वर्षाराणी स्टिअरिंगवर आणि शालूबाई तिच्या शेजारी! येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून करून त्यांचा हात दुखला. माहेरच्या शेताजवळ येताच त्या म्हणाल्या, "वर्षा, आता मी चालवतो."

"रस्त्यावर न्हाय हं, आत्याबाई. लायसन कुठाय?"

"मग रानात चालवतो!"

आणि मोकळ्या रानात जीप फुर्र करून उडी मारून निघाली. शालूबाईंचे भाऊ-भावजया बांधावर पळाले. मी पायाखाली थरथरत होते, भीतीने नव्हे, आनंदाने.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. ठिणगी पाडण्याआधी चारी कोपरे बघा. आणि गंजलेली वस्तू टाकण्याआधी एकदा वाजवून ऐका, तिच्यात अजून दम असेल. बाकीचे बोलायला मला आता सवड नाही. शालूबाई रिव्हर्स शिकत आहेत आणि मागे विहीर आहे!