सोमवती अमावस्येची सुई

शनिवारी सकाळी नऊ वाजता धर्मेंद्र आणि त्याची बायको गीतांजली वलगावहून अकोल्याच्या दवाखान्यात पोचले. शेतातल्या शेवंतीच्या फुलांचा तोडा त्यांनी शेजाऱ्यावर टाकला होता. गोठवून ठेवलेला त्यांचा शेवटचा गर्भ आज अकरा वाजता गीतांजलीच्या गर्भपिशवीत ठेवायचा होता. आधीचे दोन टिकले नव्हते.

नर्सनं कार्ड पाहून विचारलं, "गर्भपिशवी तयार करायचं तेलाचं इंजेक्शन सोमवारी संध्याकाळी सुरू केलं ना?"

"हो," गीतांजली म्हणाली.

सोमवारी अमावस्या होती, तीही सोमवती. गावातला देवराव कंपाउंडर सुई घेऊन घरी आला, तेव्हा धर्मेंद्रच्या आईनं, तानुबाईनं, त्याला दारातूनच परत पाठवलं. "अवसेले चांगल्या कामाची सुई नाई टोचत. उद्या ये." पहिलं इंजेक्शन मंगळवारी झालं. दवाखान्यात कोणी कळवलं नाही.

नर्स गेल्यावर धर्मेंद्र म्हणाला, "खोटं काहून बोलली?"

"मंग काय सांगू? सासूनं अवस पायली म्हणून? हासतीन सारे. अन् एका दिवसानं काय होते?"

"ते ना तुले माहीत, ना मले. डॉक्टरले माहीत आहे."

"आईचं नाव घ्यान?"

"आईचंच काहून? दारात मी बी उभा होतो."

तो उठून डॉक्टर माधवींच्या खोलीत गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आधी त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला. "वलगावचा गर्भ बाहेर काढू नका. काढला नाही ना? बरं."

मग त्या म्हणाल्या, "गर्भ पाच दिवसांचा आहे. इंजेक्शन सुरू झाल्यावर पाच दिवसांनी पिशवीचं अस्तर त्याला धरायला तयार होतं. तो काळ थोडाच असतो. आज अस्तर एक दिवस मागं आहे. आज ठेवला असता तर शक्यता कमी झाली असती."

"अन् उद्या?"

"उद्या वेळ बरोबर आहे. टिकेलच, असं मात्र मी म्हणत नाही."

"उद्या रविवार आहे, मॅडम."

"गर्भाला रविवार नसतो. अकराला या. आजचं इंजेक्शन संध्याकाळी इथंच घ्या."

बाहेर गीतांजलीनं विचारलं, "हासल्या?"

"नाई. उद्या ठेवतीन."

तिनं पदर तोंडावर धरला.

तेवढ्यात तानुबाईचा फोन आला. "झालं का रे?"

"उद्या, आई. सोमवारी आपण सुई थांबवली, म्हणून."

तानुबाई म्हणाली, "डॉक्टरीणबाईले सांग, चूक म्हातारीची आहे. सुनेची नाई."