वाळवंटातली व्हॉइस नोट

आता हे काय वागणं झालं? आठवडाभर ‘वाळवंट बघायला जाऊ, जाऊ’ म्हणून नाचायचं आणि ऐन सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी सोहारहून फोन करायचा, की कारखान्यात मशीन बंद पडलंय, तू एकटीच जा! अस्मिताने फोन कानाशी धरून मनातल्या मनात नवऱ्याला लाखोली वाहिली. यशोधनचं हे नेहमीचंच. तो सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मशिनींशी बोलणार आणि ही कुरुमच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी. मस्कतला येऊन वर्ष होत आलं, पण ‘अगं ये, चहा टाकते’ म्हणणारं एक माणूस तिला इथे भेटलं नव्हतं. मागच्या महिन्यात ती बॅग भरायलाच बसली होती. तेव्हा यशोधन म्हणाला होता, “एवढा हिवाळा काढ. एक मैत्रीण जरी मिळाली तरी थांब. नाहीच मिळाली, तर जा पुण्याला, मी अडवणार नाही.”

“जा गं,” तो आत्ताही म्हणत होता. “टूरच्या गाडीत माणसं असतील. ओळखी होतील.”

माणसं होती. घराजवळच्या पेट्रोल पंपापाशी गाडी आली तेव्हा आत एक पन्नाशी उलटलेलं जोडपं बसलं होतं, लेस्ली आणि फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्सने ड्रायव्हरशेजारची सीट आधीच पटकावली होती. “मेरे को पीछे चक्कर आता है,” ती हसत म्हणाली. झालं! अस्मिता मागे, लेस्लीच्या शेजारी. तो भला माणूस मस्कत सुटायच्या आत झोपला आणि घोरायलाही लागला. शरीफ नावाचा ओमानी ड्रायव्हर मात्र मजेत होता. सफाईदार हिंदीत तो फ्लॉरेन्सशी भावांच्या लग्नांपासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं बोलत होता.

मग फ्लॉरेन्सने मान मागे वळवली. “कहाँ से हो, बेटा?”

“पूना.”

“अच्छा!” बाईचा चेहरा एकदम खुलला. ती काहीतरी बोलणार होती, पण ओठ दाबून नुसतीच हसली. मग शादी को कितना साल, हजबंड किधर है, आणि शेवटी, “बच्चे?”

“नहीं हैं,” अस्मिता म्हणाली.

“हो जाएगा. मैं प्रेयर करेगी तुम्हारे लिए.”

अस्मिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ओळख ना पाळख, आणि दुखऱ्या जागेवरच नेमकं बोट? पुण्यातल्या नात्यातल्या बायका काय कमी होत्या, म्हणून ही आणखी एक? तेवढ्यात फ्लॉरेन्सने फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच मागे केलं. अस्मिता “नो थँक्स” म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसते तपकिरी डोंगर.

शेवटी तिने मोबाइल तोंडाशी धरला आणि पुण्याला बहिणीला व्हॉइस नोट पाठवली. मराठीतून बोलायला इथे भीती कुणाची? “मेघा, ऐक. यशोधनने दगा दिलाय. गाडीत एक गोव्याचं जोडपं आहे. नवरा घोरतोय, आणि बाई म्हणजे नुसती म्हैस गं, पुढची सीट अडवून पसरलीय. तोंडाचा पट्टा बंद नाही. भोचक मेली, मुलं का नाहीत विचारते! वर सँडविच काय पुढे करते! हिच्या हातचं कोण खाणार? काय घातलं असेल देव जाणे. अशांशी मैत्री करण्यापेक्षा मी आपली एकटी बरी.”

मन जरा हलकं झालं. आणि आश्चर्य म्हणजे पुढची बडबडही थांबली. फ्लॉरेन्स समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. शरीफने काही विचारलं तरी हां, नहीं, एवढंच. बरं झालं, दमली एकदाची, असं अस्मिताला वाटलं.

वाळवंटाच्या तोंडाशी, बिदियाला, वाळूत रुतू नये म्हणून शरीफने चारही चाकांतली हवा कमी केली आणि गाडी वाळूत घातली. एका म्हाताऱ्या बदूच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाच्या, तंबूत काहवा आणि खजूर आले. तिथेही वैताग! इवल्याशा कपातली ती कडू कॉफी संपवावी, की तो म्हातारा पुन्हा भरायचा. नको कसं म्हणायचं? यजमानाचा अपमान नको म्हणून अस्मिता डोळे मिटून पीत राहिली. घशाशी आलं, तरी पीत राहिली.

“कप हिलाओ,” फ्लॉरेन्स हळूच म्हणाली. तिने आपला रिकामा कप मनगटातून दोनदा हलवून दाखवला. “नहीं तो वो भरता रहेगा. इधर का रिवाज है.”

अस्मिताने कप हलवला. म्हातारा हसून पुढे गेला. थँक यू म्हणावं असं तिच्या मनात आलं, पण फ्लॉरेन्स उठून बाहेर गेली होती.

सूर्य कलला तसे सगळे टेकडीवर चढायला निघाले. टेकडी कसली, वाळूचा डोंगरच तो. एक पाऊल वर टाकावं, तर दोन पावलं खाली. लेस्ली आणि फ्लॉरेन्स, ती तसली जाडजूड बाई, आरामात वर पोचली आणि चांगली तरुण अस्मिता मध्येच हातापायांवर आली. चपला वाळूत गडप. चिडून ती आणखी जोरात चढायला गेली आणि पाय निसटून धाडकन घसरली.

“अगं, सरळ नको! आडवी चढ, आडवी! थांब, हात दे!”

वरून फ्लॉरेन्स धावत आली होती. तिने हात धरला, वर ओढलं, आणि मग आपण मराठीत बोलून गेलो ते तिच्याही लक्षात आलं.

अस्मिताची कानशिलं तापली.

“तुम्हाला मराठी येतं?”

“येतं म्हणजे? आम्ही वसईची माणसं. नंदाखालची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले मी.” फ्लॉरेन्स अस्मिताच्या कुर्त्यावरची वाळू झटकत होती. “गोव्याला आयुष्यात एकदा गेले, ते पण कुणाच्या तरी लग्नाला.”

“मग सकाळी बोलला का नाहीत?” चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्या!

“बोलणारच होते. तू पुण्याची म्हटल्यावर मला इतका आनंद झाला! कामावर दिवसभर हिंदी-इंग्लिश, पोरगी कॅनडात, ती पण इंग्लिशच बोलते. म्हटलं, थोडी गंमत करू, वाळवंटात गेल्यावर एकदम मराठीत हाक मारू. मग तू फोनवर बोललीस.” ती जरा थांबली. “मग सांगायचं तरी कसं? तुलाच लाज वाटली असती.”

“सॉरी,” अस्मिता म्हणाली. “खरंच सॉरी. मी नवऱ्यावर चिडले होते, ते तुमच्यावर निघालं. असं बोलायला नको होतं मी.”

“मुलांचं विचारायला नको होतं मी पण,” फ्लॉरेन्स म्हणाली. “ते चुकलंच. पण हातचं खाणार नाही म्हणालीस ना, ते लागलं.”

ज्यासाठी एवढा आटापिटा केला, तो सूर्य कधी बुडाला ते अस्मिताला कळलंही नाही. लेस्ली म्हणाला, “चल फ्लॉरी, खाली उतरू,” आणि ती दोघं एकमेकांना धरून उतरली.

परतीच्या वाटेवर अस्मिताने जंग जंग पछाडलं. नंदाखालची चौकशी केली, माहेर कुठलं विचारलं, घरी जेवायला या म्हणाली. मी येते तुमच्याकडे, तुम्ही कराल ते खाईन, इथपर्यंत आली. फ्लॉरेन्स प्रत्येक वेळी मान वळवून गोड हसायची आणि उत्तर द्यायची. सगळी उत्तरं हिंदीत.

कुरुमला गाडी थांबली. अस्मिता उतरून पुढच्या काचेपाशी गेली. “फ्लॉरेन्सताई, तुमचा नंबर देता का?”

“मिलेंगे ना कभी, बेटा. मस्कत छोटा है,” फ्लॉरेन्स म्हणाली. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. तिने अस्मिताच्या हातावर थोपटलं आणि शरीफला चलायला सांगितलं.

जिना चढताना यशोधनचा फोन आला. “काय मग? मिळालं का कुणी?”

“मिळाली होती,” अस्मिता म्हणाली आणि पायरीवरच बसून रडायला लागली.