फौजदाराचे पाणी

सासऱ्यांनी कात्रीने पुडक्याची कड कापली आणि आतल्या कड्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या. चिनीमातीच्या, बोटाच्या पेराएवढ्या, मधोमध भोक असलेल्या पांढऱ्याशुभ्र कड्या. त्यांतली एक उचलून त्यांनी नाकाशी नेली, हुंगली आणि परत ठेवली.

"ह्या कुठल्या?"

"तुमच्याच," सून म्हणाली. "फिल्टरमधल्या."

ती नुकतीच रुग्णालयातून आली होती आणि अजून ड्यूटीच्या कपड्यांतच होती. पुडक्याच्या चिकटपट्टीवर तिने बोट ठेवले. "ह्या रेघा काळ्या झाल्या की समजायचं, आत एकही जंतू जिवंत नाही. ऑपरेशनची हत्यारं काढतो तशा काढल्यात, एकशे चौतीस अंशांवर."

सासरे खुर्चीवर बसले. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या टबात त्यांचा मासा फिरत होता. पंजाएवढा नारिंगी गोल्डफिश, नऊ वर्षांचा. कडेकडेने सतत गस्त घालतो म्हणून सासूबाईंनी त्याचे नाव फौजदार ठेवले होते. सासूबाईंना जाऊन चौदा महिने झाले होते. आता जुने घर सोडून सासरे कायमचे मुलाकडे राहायला आले होते. जुनी काचपेटी सामानाच्या गाडीत तडकली, म्हणून मुलाने दुप्पट मोठी नवी टाकी आणली होती. हॉलमध्ये ती पाणी भरून तयार होती.

"आणि स्पंज?"

"तो फेकला. तापवला तर वितळला असता."

"फेकला."

"बाबा, बुळबुळीत झाला होता तो. तपकिरी. वास येत होता."

"पाच वर्षं जपलं होतं त्यांना."

"कोणाला?"

"जिवाणूंना."

सुनेला वाटले, सासरे गंमत करताहेत. "जिवाणू मारण्याचाच पगार घेते मी, बाबा," ती हसून म्हणाली.

सासरे हसले नाहीत. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले होते. बोलतानाही ते एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलत.

"मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं विष होतं, अमोनिया. एका जातीचे जिवाणू ते खातात आणि मागे दुसरं विष ठेवतात. दुसऱ्या जातीचे ते दुसरं खातात. मग कुठे पाणी माशाला सोसतं. हे सगळे त्या कड्यांत आणि त्या स्पंजात राहत होते. नव्या टाकीत ते आपसूक वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर फौजदाराने काय करायचं?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"विचारायचं होतंस. सगळे मारलेस तू."

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. तो टाकीच्या मागे उभा राहून दिव्याची पिन बोर्डात घालत होता. चार दिवसांपूर्वी नाकाला रुमाल लावून तोच म्हणाला होता, "ते फिल्टरचं डबडं साफ करून टाक ना. तुझ्याकडे सोय आहे. घरभर वास मारतोय." आता तो बोलेल म्हणून ती थांबली. त्याने पिन काढली, पाहिली, परत घातली.

त्या कड्या तिने एकेक करून घासल्या होत्या. नळ्या आतून धुवायला असतो त्या बारीक ब्रशने, एकशे साठ कड्या. निर्जंतुकीकरणाचे यंत्र तापवायला सकाळची पहिली फेरी रिकामीच चालवतात. तीत ठेवू का म्हणून तिने इन्चार्ज सिस्टरला विचारले होते. एकोणीस वर्षांत कधी कोणाकडे काही मागितले नव्हते, ते सासऱ्यांच्या माशासाठी मागितले. आणि पदरात काय पडले? मारलेस तू.

तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठले. "तू सांगितलंस म्हणून मी केलं. बाबांना सांग."

"आत्ता ते तापलेत. नंतर सांगतो."

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारले.

"आता कुठे शांत झालेत ते. परत कशाला उकरायचं?"

"म्हणजे तापलेले असताना सांगायचं नाही आणि निवल्यावरही सांगायचं नाही. मग कोमट असताना सांग."

नवऱ्याने मोबाइल उघडला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय.

टबात फार दिवस ठेवता येत नव्हते, म्हणून फौजदाराला नव्या टाकीत सोडले. सासरे रोज सकाळी निम्मे पाणी उपसून नवे भरू लागले. गुडघा दुखरा. एकेक बादली भिंतीला धरून आणत. पहिल्या दिवशी सून मदतीला पुढे झाली.

"तू हात लावू नकोस," ते म्हणाले.

तिने हात मागे घेतला. आपल्याच घरात, आपल्याच बादलीवरून.

संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. ऐकायला कमी येते म्हणून सासरे फोन मोठ्या आवाजात लावत. "सूनबाईंनी उकळून मारले सगळे," त्यांनी सांगितले. तिकडून नणंद हसली. "वहिनीच्या घरात डाससुद्धा साबण लावून येतात, बाबा. तुम्ही कुठल्या भरवशावर ते डबडं बाहेर ठेवलंत?" सून भांडी विसळत होती. तिने नळ मोठा सोडला.

नवऱ्याने दुकानातून जिवाणूंची बाटली आणली. सासऱ्यांनी ती टाकीत ओतली, पण तोंड वाकडे करूनच. "हे लग्नातले पाहुणे. जेवतील आणि जातील."

पाणी बदलले की ते तपासणी करीत. बोटाएवढ्या काचेच्या नळीत टाकीतले पाणी घ्यायचे, एका बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, मग पाच मिनिटे थांबायचे. पाणी पिवळे राहिले तर विष शून्य. हिरवे होत गेले की तेवढे विष जास्त. सोबतच्या कार्डावर रंगांचे चौकोन आणि त्यांचे आकडे छापलेले होते. आकडा ते वहीत लिहीत. अक्षर छापल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शून्य लिहिले. चौथ्या दिवशी शून्य. आठव्या दिवशी त्यांनी बादल्या पालथ्या घातल्या.

"आले वाटतं जिवाणू. आता रोज पाणी बदललं तर त्यांच्या तोंडचा घास जाईल."

हे ते मुलाला म्हणाले, पण बघत सुनेकडे होते. तुझ्या नाकावर टिच्चून आले, असे बघणे. तिच्या मनात आले, महिना-दीड महिना म्हणत होते, ते आठवड्यात कसे आले? पण तिला विचारले कोणी होते? जिला बादलीला हात लावायची मुभा नाही, तिने आकड्यांना कशाला लावावा?

बाराव्या दिवशी दुपारी ती ड्यूटीवरून आली, तेव्हा सासरे टाकीपुढे स्टुलावर बसले होते. फौजदार वर तरंगत होता. तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत होता. पर अंगाला चिकटलेले, कल्ल्यांच्या कडा लाल.

"कालपासून असं करतोय," सासरे म्हणाले. "पाणी तर चांगलं आहे. आत्ता परत पाहिलं. शून्यच आहे."

नळी त्यांच्या हातात होती. सून दारातच होती, चप्पलही काढली नव्हती. एकोणीस वर्षे ती रोज खिडकीशी उभी राहून जंतू मेले की नाही हे रंगावरून सांगणाऱ्या अशाच नळ्या बघत आली होती. रंग कणभर बदलला तरी सगळी हत्यारे परत यंत्रात घालायला लावणारी बाई ती. दारातून तिला दिसले, नळी हिरवी होती. हिरवट नव्हे, गर्द हिरवी.

"बाबा, कार्डावर दाखवा बरं."

त्यांनी पहिल्या चौकोनावर बोट ठेवले. पिवळ्या. बोट जराही कापले नाही. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बोट दुसऱ्या चौकोनावर नेले. मग तिसऱ्यावर. कार्डाकडे ते बघतच नव्हते. तिच्याकडे बघत होते.

बारा दिवस एक वाक्य तिच्या ओठांशी येऊन उभे होते. आता तर त्याला पुरावाही मिळाला होता. मासा कोण मारतंय, बाबा? तेवढे म्हटले असते, तर फोनवर हसणारी नणंदही गप्प झाली असती.

"काय झालं?" नवऱ्याने आतून विचारले.

"बादल्या भर," ती म्हणाली. "दोन्ही. क्लोरीन मारायचे थेंब घालून. लवकर."

तिने टाकीत पाइप सोडला आणि पाणी खेचले. रागाने खेचले, निम्मे तिच्याच पायांवर सांडले. सासरे स्टुलावरून उठले.

"मी सांगितलं होतं तुला, हात..."

"सांगितलं होतंत. बारा दिवस ऐकलं. आजपासून नळी मी बघणार."

सासरे पुन्हा बसले.

पाणी दोनदा बदलले. अंधार पडायच्या सुमाराला फौजदार तळाशी गेला आणि हळूहळू पर उघडू लागला. आजचा आकडा लिहायला तिने वही घेतली आणि सहज मागची पाने चाळली. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत तारखा सासऱ्यांच्या छापील अक्षरात होत्या आणि आकडे सासूबाईंच्या वाकड्यातिकड्या हातचे. पाव, शून्य, अर्धा, शून्य. त्यानंतरचे आकडेही सासऱ्यांच्या अक्षरात. सगळे शून्य. चौदा महिन्यांत एकदाही पाव नाही.

तिने वही मिटली. नवऱ्याला काही सांगितले नाही. तो एक गोष्ट सांगत नव्हता, मग तिनेही एक का सांगावी?

पुढे रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी आणि दुपारी आल्यावर ती नळी बघे. सासरे पेन उघडून बसत.

"दोन."

ते लिहीत.

"दोनच."

ते लिहीत. पाणी आता नवरा बदलायचा, तिच्या हुकमाने. सासरे रंगांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. 'मारलेस' हा शब्दही त्यांनी परत घेतला नाही. सून त्या शब्दाची वाट बघत होती आणि आपण वाट बघतो आहोत, याचाही तिला राग येत होता. नव्या स्पंजावर तपकिरी साय धरू लागली. ती दिसली की तिचा हात आपोआप फडक्याकडे जाई. ती तो मागे घेई.

महिना उलटून गेल्यावर एका दुपारी नळी पिवळी राहिली. तिने ती खिडकीशी नेली. मग दिव्याखाली धरली. मग ओतून दिली, धुतली, नवे पाणी घेतले, आठ थेंब, आठ थेंब. पाच मिनिटे दोघेही घड्याळाकडे बघत राहिले.

"शून्य."

सासऱ्यांचे पेन वहीवर थांबले. "नक्की?"

"हिरवं असतं तर सोडलं असतं का मी तुम्हाला?"

त्यांनी शून्य लिहिले. त्याला वळण नीट यावे म्हणून दुसऱ्यांदा गिरवले. फौजदार काचेच्या कडेने एक फेरी मारून गेला.

"ते डबडं साफ करायला त्यानेच सांगितलं असणार तुला," वहीतून मान वर न करता ते म्हणाले.

"हो."

"लहानपणापासून असाच आहे. नाक मोठं, तोंड लहान."

सुनेला हसू आले, पण तिने ते दाखवले नाही. इतक्या स्वस्तात ती सोडणार नव्हती. हे तुम्हाला ठाऊक होतं, तर मग एवढे दिवस? असे विचारायला ती वळली, तेव्हा सासरे जागेवर नव्हते.

ते खोलीतून एक पांढरी बशी आणि एक शिशी घेऊन आले. नवरा घरात नाही ना, हे त्यांनी दाराकडे बघून पाहून घेतले. मग शिशी बशीत उपडी केली. वीस-पंचवीस गोळ्या, सगळ्या एकाच आकाराच्या. काही फिक्या पिवळ्या, काही फिक्या हिरव्या.

"एक सकाळची, एक रात्रीची," ते म्हणाले. "पाकिटातून सोडवून तुझी सासू दोन शिश्यांत भरायची. मी एकीत भरल्या."

बशी सुनेने खिडकीच्या उजेडाकडे सरकवली आणि बोटाच्या टोकाने एकेक गोळी वेगळी करू लागली. एका बाजूचा ढीग दुसऱ्यापेक्षा पुष्कळ मोठा होत गेला. अर्ध्यावर तिचे बोट थांबले.

"बसा," ती म्हणाली. "आणि आधी सांगा, आज सकाळी कोणती घेतलीत?"

"पिवळी," ते म्हणाले. मग बशीकडे बघून म्हणाले, "असावी."